नावेला दिलेलं नाव : हुतात्मा पोलिसांच्या स्मृतीवरचा एक पाठ

(इयत्ता सातवी-आठवीसाठी. मराठी, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल यांचा एकत्रित पाठ. वेळ : तीन तासिका)



२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. कधी तो दिवाळीच्या सुट्टीत येतो आणि राहूनच जातो, तर कधी परिपाठात दोन मिनिटं मौन पाळून आटोपतो. पुढे २६ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी संविधान दिन असतो. उद्देशिकेचं वाचन होतं आणि त्याच परिपाठात मुंबई हल्ल्यातल्या शहिदांना श्रद्धांजली वाहिली जाते. मुलं शांत उभी राहतात, डोळे मिटतात. पण डोळे उघडल्यावर विचारा, "आपण आत्ता कोणाची आठवण काढली? एक नाव सांगा." बरेचदा वर्ग एकमेकांकडे बघतो. गंमत म्हणजे हल्लेखोराचं नाव काही मुलांना येतं. ज्यांनी त्याला पकडलं त्यांचं येत नाही.

या दोन तारखांच्या मध्ये ३६ दिवस असतात. त्या दिवसांत घेता येईल असा हा पाठ आहे. विषय थोडा वेगळा वाटेल : कर्तव्यावर प्राण गेलेल्या पोलिसांची नावं बोटींना देण्याची पद्धत. काटोलच्या मुलांनी बोट पाहिली असेल ती अंबाझरीला किंवा रामटेकजवळच्या खिंडसीला. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी हाच विषय का घ्यायचा? कारण माणूस गेल्यावर त्याच्या नावाचं काय होतं, ते कशामुळे टिकतं आणि कशामुळे पुसलं जातं, हे या एका उदाहरणातून मुलांना स्पष्ट दिसतं.

१. सुरुवात शब्दापासून

फळ्यावर फक्त एक शब्द लिहा : नाव. आणि अर्थ विचारा. अर्धा वर्ग सांगेल, "नाव म्हणजे आपलं नाव, सर." एखादा सांगेल, "नाव म्हणजे होडी." दोन्ही बरोबर. मराठीत हे दोन शब्द उच्चाराला आणि लिहायला सारखेच आहेत. एकाचं मूळ 'नाम' आणि दुसऱ्याचं 'नौ'. पहिलं नपुंसकलिंगी, ते नाव. दुसरं स्त्रीलिंगी, ती नाव. लिंग बदललं की अर्थ बदलतो, हा व्याकरणाचा मुद्दा इथेच पक्का होतो. मग वाक्य द्या : "त्या नावेला त्या पोलिसाचं नाव दिलं." मुलांना दोन्ही शब्द ओळखायला लावा.

इथे एक प्रश्न हमखास येतो : "सर, बोटीले माणसाचं नाव काहून देतेत?" उत्तर लगेच देऊ नका. उलट विचारा, "तुमच्या घरी कशाकशाला नावं आहेत?" बैलांची नावं येतील, ट्रॅक्टरवर लिहिलेलं लेकराचं नाव येईल, घरावरचं 'आई-बाबांचा आशीर्वाद' येईल. किनाऱ्यावरचे कोळी बांधवही होडीला आपल्या देवीचं किंवा घरातल्या माणसाचं नाव देतात. होडीच्या पुढच्या टोकाला ते 'नाळ' म्हणतात. जिच्यावर आपला जीव अवलंबून असतो तिला माणूस बिननावाची ठेवत नाही, इथपर्यंत मुलं आपणहून पोचतात.

२. पोलिसांच्या बोटी आणि त्यांची नावं

आता जगाचा नकाशा काढा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड हे राज्य आहे. त्याला लांबलचक समुद्रकिनारा आहे आणि तिथल्या पोलिसांकडे गस्तीच्या बोटी आहेत. त्यातल्या काही बोटींना कर्तव्यावर मारल्या गेलेल्या पोलिसांची नावं दिलेली आहेत. लाइल होई हे १९७५ साली, नॉर्मन वॉट २००० साली आणि ब्रेट अर्विन २००७ साली कर्तव्य बजावताना गेले. तिघांचीही नावं बोटींवर आहेत.

मुलांना एक गोष्ट मुद्दाम लक्षात आणून द्या. हे तिघं समुद्रात मेले नव्हते. ते जमिनीवर काम करणारे पोलीस होते. अर्विन एका इसमाला अटक करायला गेले असताना गोळी लागून गेले. मग बोटीवर त्यांचं नाव कशासाठी? कारण बोट रोज बाहेर पडते. वाट चुकलेले मच्छीमार शोधते, बुडणाऱ्याला वर काढते, चोरटा माल पकडते. म्हणजे तो पोलीस जे काम करत होता ते काम त्याच्या नावानं चालू राहतं.

कॅनडात तटरक्षक दलाची नऊ गस्ती जहाजं 'हिरो' वर्गातली म्हणून ओळखली जातात. त्यातल्या एकाचं नाव आहे 'कॉन्स्टेबल कॅरिएर'. हे पोलीस दलातले पाणबुडे होते. १९९७ साली पाण्याखाली शोधकाम करताना त्यांचा जीव गेला. जहाजाच्या नावात त्यांचं पदही जसंच्या तसं ठेवलं आहे : कॉन्स्टेबल. आपल्या भाषेत शिपाई. एवढ्या मोठ्या जहाजाला शिपायाचं पद चालतं, हे वर्गात सांगून थोडं थांबा.

न्यूयॉर्कचं उदाहरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तिथल्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. त्या दलाच्या २०१० मध्ये सेवेत आलेल्या आग विझवणाऱ्या बोटीचं नावच 'थ्री फॉर्टी थ्री' आहे. म्हणजे तीनशे त्रेचाळीस. एकाचं नाव घेतलं तर बाकीचे राहतात, म्हणून आकडाच नाव झाला.

त्याच हल्ल्यात मोइरा स्मिथ नावाच्या महिला पोलीस गेल्या. इमारतीतल्या लोकांना बाहेर काढत असताना त्या आत अडकल्या. न्यूयॉर्क पोलिसांतल्या त्या दिवशी मरण पावलेल्या त्या एकमेव महिला. हडसन नदीत प्रवासी वाहून नेणाऱ्या एका फेरीबोटीला त्यांचं नाव दिलं गेलं. ही पोलिसांची बोट नव्हे, रोज कामाला जाणाऱ्यांची साधी बोट. पुढे १५ जानेवारी २००९ ला एका विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या धडकेनं बंद पडली आणि वैमानिकानं ते थेट हडसन नदीत उतरवलं. विमानात १५५ माणसं होती. बाहेर कडाक्याची थंडी, विमानात पाणी शिरतंय आणि माणसं पंखांवर उभी. आसपासच्या फेरीबोटी तिकडे धावल्या. सुरुवातीलाच पोचलेल्या बोटींत 'मोइरा स्मिथ' होती. १५५ पैकी एकही दगावला नाही.

ही गोष्ट सांगून झाल्यावर काही समजावू नका. लोकांना बाहेर काढता काढता गेलेल्या बाईंच्या नावाची बोट सात वर्षांनी लोकांना बाहेर काढायला पोचली, हे मुलांना बरोबर कळतं.

३. नाव कसं वापरात राहतं

पुतळा आणि बोट यांत फरक काय, हा प्रश्न गटचर्चेला द्या. पुतळा एका जागी असतो. जयंती-पुण्यतिथीला हार पडतो, एरवी धूळ. बोटीचं नाव मात्र कामातच घ्यावं लागतं. निघताना नोंदवहीत लिहावं लागतं, परत आल्यावर लिहावं लागतं. वायरलेसवर एक बोट दुसरीला हाक मारते ती नावानंच. संकटात सापडलेल्या बोटीनं मदत मागायची ठरलेली पद्धत आहे : 'मेडे' हा शब्द तीनदा आणि त्यानंतर बोटीचं नाव तीनदा. वारा आणि इंजिनाच्या आवाजात नाव ऐकू गेलंच पाहिजे म्हणून तीनदा. म्हणजे त्या माणसाला कधी न पाहिलेला विशीतला नवा शिपाईसुद्धा त्याचं नाव दिवसातून अनेकदा उच्चारतो.

पण याला दुसरी बाजू आहे, तीही सांगा. बोटीचं आयुष्य माणसापेक्षाही कमी असतं. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. भारतीय नौवहन महामंडळानं १९८० च्या दशकात आपल्या १५ तेलवाहू जहाजांना परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली. त्यातलं एक जहाज रामा राघोबा राणे यांच्या नावाचं. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे. १९४८ साली राजौरीच्या वाटेवर शत्रूच्या गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीरचक्र हयातीत मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी ते एक. १९८४ साली त्यांच्या नावाचं जहाज दाखल झालं, तेव्हाही ते हयात होते. पुढे ती सगळी जहाजं जुनी झाली आणि सेवेतून गेली. नावंही त्यांच्याबरोबर बंदरांतून गेली. मग २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारमधल्या २१ बिननावाच्या मोठ्या बेटांना २१ परमवीरचक्र विजेत्यांची नावं दिली गेली. जहाजावरून गेलेलं नाव बेटावर आलं. म्हणजे नाव एकदा देऊन भागत नाही, ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

४. समुद्रातून आलेली रात्र

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला बहुतेक मुलांना ताज हॉटेलच्या धुरामुळे माहीत असतो. तो समुद्रातून झाला होता, हा धागा सुटतो. या पाठात तोच पकडायचा आहे.

कराचीहून निघालेल्या दहा जणांनी वाटेत 'कुबेर' ही गुजरातची मच्छीमार बोट बळकावली. तिचे तांडेल अमरसिंह सोळंकी यांना ठार मारलं. मुंबई जवळ आल्यावर ते रबरी होडीतून कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्याला लागले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना हटकलंसुद्धा. पुढच्या तीन दिवसांत १६६ निरपराध माणसं मारली गेली. त्यात सगळ्या धर्मांची, अनेक देशांची माणसं होती आणि पोलीसही होते.

म्हणूनच पोलिसांच्या बोटींचा प्रश्न आपल्यासाठी नुसत्या सन्मानाचा नाही. किनाऱ्यावरच्या पोलिसांना बोटी देण्याची केंद्राची सागरी सुरक्षा योजना २००५-०६ मध्येच सुरू झाली होती. हल्ल्यानंतर तिला वेग आला, २०११ पासून दुसरा टप्पा आला. साधारण विभागणी अशी : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याच्या सागरी पोलिसांची गस्त, त्यापुढे तटरक्षक दल आणि खोल समुद्रात नौदल.

इथे गणित जोडा. १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. मग १२ सागरी मैल म्हणजे किती? १२ × १.८५२ = २२.२२४ किलोमीटर. तालुक्याचा नकाशा देऊन सांगा, "आपल्या शाळेपासून २२ किलोमीटरवर कोणतं गाव येतं ते शोधा." मग पुस्तकात दिलेली महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी सांगा : सुमारे ७२० किलोमीटर. ७२० लांब आणि २२ रुंद अशा पट्ट्याचं क्षेत्रफळ काढा. १५,८४० चौरस किलोमीटर येतं. किनारा सरळ नसल्यानं हा अंदाजच, पण एवढ्या पाण्यावर रस्ता नाही, चौक नाही, दिव्याचा खांब नाही, हे ध्यानात आलं की गस्त म्हणजे काय ते कळतं. जमलं तर वेगाचंही एक उदाहरण घ्या : ३० नॉट म्हणजे तासाला ३० सागरी मैल, म्हणजे ५५.५६ किलोमीटर.

आठवीच्या वर्गात आणखी एक प्रश्न टाका. हल्ल्यानंतर घेतलेल्या बोटी दुरुस्तीअभावी किंवा इंधनाअभावी धक्क्याला उभ्या असल्याच्या बातम्या पुढच्या वर्षांत येत राहिल्या. समजा, अशा बोटीवर हुतात्म्याचं नाव आहे. तर तो सन्मान की अपमान? मुलं यावर फार चांगलं बोलतात. नाव देणं सोपं, ते नाव चालतं ठेवायला डिझेल लागतं, मिस्त्री लागतो, सुटे भाग लागतात. नागरिकशास्त्राचा अर्धा धडा यातच झाला.

५. मोठं पद, लहान पद

त्या हल्ल्यात गेलेल्या पोलिसांची नावं फळ्यावर लिहिताना एक पथ्य पाळा : यादी पदाच्या क्रमानं लिहू नका. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही नावं लिहावीतच. त्यांच्यासोबत शशांक शिंदे, तुकाराम ओंबळे, बापूसाहेब दुरुगडे, प्रकाश मोरे, अंबादास पवार, अरुण चित्ते, जयवंत पाटील, योगेश पाटील, बाळासाहेब भोसले, राहुल शिंदे, मुकेश जाधव हीही लिहा. एकेका मुलाला एकेक नाव मोठ्यानं वाचायला द्या. पोलीस स्मृतिदिनाच्या परेडमध्ये असंच करतात. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस गेले, त्यांची आठवण म्हणून हा दिवस. दरवर्षी त्या परेडमध्ये वर्षभरात देशात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवरही हजारो नावं कोरलेली आहेत. त्यातली बहुतेक शिपाई-हवालदारांची.

या यादीतली दोन नावं थोडी उलगडून सांगा.

हेमंत करकरे आपल्या विदर्भाशी जोडलेले आहेत. त्यांचं प्राथमिक शिक्षण वर्ध्याला झालं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, ते १९७५ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाले. भारतीय पोलीस सेवेत १९८२ च्या तुकडीत गेले. चंद्रपूरला पोलीस अधीक्षक असताना जंगलात पडलेली वाळकी लाकडं गोळा करून त्यातून शिल्पं घडवायचा छंद त्यांना होता. हल्ल्याच्या वेळी ते राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख होते. आपल्या मुलांना हा माणूस 'मुंबईचा' वाटतो. तो इथल्याच शाळेत शिकला होता, हे कळल्यावर ऐकण्याची तऱ्हाच बदलते.

तुकाराम ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात नोकरी केली, मग मुंबई पोलिसांत आले आणि सहायक उपनिरीक्षक झाले. त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ नाकाबंदीवर होते. हातात लाठी. दहशतवाद्यांची गाडी अडवली गेली. एकजण बंदूक घेऊन उतरला, तेव्हा ओंबळ्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी अजमल कसाबला जिवंत पकडलं. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला, माणसं कशी आली, हे न्यायालयात सिद्ध करता आलं. खटला चालला, अपील झालं आणि मगच शिक्षा झाली. हा मुद्दा सोडू नका. ओंबळ्यांनी सूड घेतला नाही, त्यांनी आरोपीला कायद्याच्या हवाली करणं शक्य केलं. पोलिसाचं काम नेमकं हेच असतं. संविधान दिनाच्या तारखेला सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

२६ जानेवारी २००९ ला ओंबळे आणि करकरे दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सहायक उपनिरीक्षक आणि पथकप्रमुख, पदक तेच. पुढे २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे द्विनाम पद्धत उजळून घ्यावी. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. बोट मोडीत निघेल, पुतळा झिजेल, पण शास्त्रात एकदा रीतसर दिलेलं जातीचं नाव सहसा पुसलं जात नाही.

६. आपल्या शेजारचं 'शहीद'

आता परत आपल्या भागात या. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आष्टी आहे. एसटीच्या पाटीवर मुलं वाचतात : 'आष्टी (शहीद)'. वरूड तालुक्यात बेनोडा (शहीद) आहे. गावाच्या नावालाच शहीद जोडलंय. काहून? विचारून बघा. रोज पाटी वाचणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात आष्टीचे लोक १६ ऑगस्टला पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले. गोळीबार झाला, माणसं मेली. संतापलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा सगळा भाग पेटला होता. त्यांनाही अटक झाली.

हे सांगितलं की धीट मूल विचारतंच : "सर, आष्टीले तं पोलिसांनीच गोळ्या घातल्या ना? मंग पोलीस शहीद कसे?" या प्रश्नाला बगल देऊ नका. खरं तर पूर्ण पाठाचा कस इथे लागतो. मी एवढंच सुचवीन : खाकी गणवेश दोन्हीकडे होता, पण हुकूम वेगळा होता. एकीकडे परक्या सरकारचा हुकूम स्वतःच्याच लोकांवर चालवला गेला. दुसरीकडे आपणच केलेल्या संविधानाखाली आपल्या लोकांना वाचवताना माणसं मेली. गणवेशामुळे कोणी आपोआप वंदनीय होत नाही आणि आपोआप वाईटही होत नाही. तो कोणासाठी आणि कोणाच्या आड उभा राहिला, हे बघायचं. आणि आष्टीत मेलेल्या पोलिसांचीही घरं होती, लेकरं होती, हेही मुलांना विचार करायला द्या. निष्कर्ष त्यांनाच काढू द्या.

विदर्भातलं ताजं उदाहरण गडचिरोलीचं. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. त्या जिल्ह्यात नद्याच नद्या. भामरागड तर तीन नद्यांच्या संगमावर आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्याचा संपर्क तुटतो. अशा वेळी बोट हाच रस्ता असतो. समुद्र नसलेल्या विदर्भातही बोटीचा प्रश्न कसा येतो, हे यातून दिसतं.

७. वर्गात घ्यायचे उपक्रम

नाव-शोध. प्रत्येक मुलानं आपल्या गावातले तीन फलक शोधावेत : चौक, रस्ता, शाळा, वाचनालय. नाव कोणाचं, त्यांनी काय केलं, ते कोणी सांगितलं, अशी तीन रकान्यांची वही करावी. तिसरा रकाना महत्त्वाचा, कारण त्यासाठी आजी-आजोबांशी बोलावं लागतं.

बोटीला नाव द्या. कल्पना अशी : भामरागडला पुरात वापरायला नवी बोट आली आहे. प्रत्येक गटानं तिच्यासाठी नाव सुचवायचं आणि कारण सांगायचं. अट एकच, की कारणात 'महान', 'थोर', 'अमर' हे शब्द चालणार नाहीत. त्या व्यक्तीनं काय केलं तेच सांगायचं. या एका अटीनं निबंधाची भाषा किती सुधारते ते बघा.

पंचवीस शब्दांचा फलक. निवडलेल्या नावाखाली लावायचा मजकूर पंचवीस शब्दांत लिहायचा. पूर्ण नाव, पद, गाव, साल आणि कृती एवढं त्यात आलंच पाहिजे.

गावातल्या पोलिसाची मुलाखत. ठाण्यातल्या एखाद्या शिपायाला किंवा हवालदाराला शाळेत बोलवा. साहेबांना बोलवण्याचा मोह टाळा. प्रश्न मुलांनीच काढावेत : रात्रपाळी कशी असते, सणाला घरी जाता येतं का, भीती वाटते का.

मूल्यमापनासाठी प्रश्न. पुतळा, रस्ता, बोट आणि कोळ्याची जात या चारपैकी नाव कुठे जास्त टिकेल असं तुला वाटतं? का? (पाच-सहा ओळी. उत्तर कोणतंही चालेल, कारण मात्र हवं.)

८. ही काळजी घ्या

हल्ल्याचं नाट्यीकरण करू नका. मुलांच्या हातात लाकडी बंदुका दिल्या की पाठ बंदुकीचा होतो. रक्ताचे फोटो, चित्रफिती दाखवू नका. नकाशा आणि गोष्ट पुरेशी आहे. वर्गात पोलिसांची मुलं असतील तर आधी त्यांच्या घरी बोलून घ्या. ज्याचे बाबा आज बंदोबस्ताला गडचिरोलीत आहेत, त्या लेकराला हा पाठ इतरांसारखा ऐकू येत नाही. आणि कोणत्याही धर्माकडे बोट दाखवणारं वाक्य वर्गात आलं तर तिथेच थांबवून १६६ जणांत कोण कोण होते ते पुन्हा सांगा.

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, तुमचं काम सोपं आहे. मुलाला घेऊन बाजारात जाल तेव्हा एका चौकाच्या पाटीपाशी थांबा आणि विचारा, "हे कोण होते रे?" तुम्हाला माहीत नसेल तर दोघं मिळून शोधा. आष्टीकडे जाणारी गाडी दिसली तर कंसातला शब्द दाखवा. घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव आपण नातवाला का देतो, तेही सांगा. हाक मारायला कारण राहावं म्हणून देतो.

पाठ संपल्यावर २६ नोव्हेंबरच्या परिपाठात एवढा बदल करून बघा. मौनाच्या आधी प्रत्येक मुलानं आपल्या वाट्याचं एक नाव घ्यावं, पद आणि गावासकट. वेळ दोन मिनिटांऐवजी चार मिनिटं लागेल. वर्गातला उपक्रम कसा झाला, मुलांनी बोटीला कोणतं नाव सुचवलं आणि कारण काय दिलं, ते जरूर कळवा.